काढ म्हणजे काय काढ

९ फेब्रुवारी
दादाच्या लॅपटॉपवर परत तेच. धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज. कोण यूज करतंय? सगळं बंद केलं. दादा बाहेर, घरात मी आणि पप्पा, बस.

हार्डडिस्क भजन मंडळाची. डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनातल्या सामन्याचे सगळे व्हिडिओ त्यात, पप्पा बुवा होते तेव्हाचे पण. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच. आता पप्पांचा आवाज ह्या डब्यातच. माझ्या मोबाईलवर एक छोटा तुकडा आहे, त्यात नुसता पखवाज ऐकू येतो.

तो पखवाजवाला म्हणजे मधुकाका. आज दारात उभे. नवीन बुवांची बारी शूट करायची, जागा पाहिजे. म्हणजे जुनं पुसणार. मला बोलले, "काय गो चेडवा, हार्डडिस्क काढतंस की दाढ?" गॅलरीतले सगळे हसले. मी पण हसले. का हसले मी? तेव्हापासून डोकं फिरलंय.
अर्धंच कॉपी झालंय अजून.

१० फेब्रु.
दादाच्या लॅपटॉपमध्ये जागा नाय. त्याचे पिक्चर उडवले. विचारलं नाय. आपला बाप पुसून टाकतायत आणि हा मारामाऱ्या जपून ठेवतो.

संध्याकाळी काकांचा त्याला व्हॉइस मेसेज, "पोरीक सांग, काढ आणि दी." दादाला लॅपटॉप रात्रपाळीला न्यायचा होता. मी कॉपी थांबवली, इजेक्ट दाबलं. इन यूज. परत दाबलं. इन यूज.
दादा बोलला, "सरक. काढ म्हणजे काढ." आणि वायर खेचली.

"थांब" बोलायचं होतं. तोंडात आलं होतं. शाळेत पण असंच व्हायचं, उत्तर यायचं आणि बाई पुढच्या बाकावर जायच्या. नववीत सुटले तिथून. वाटलं हे पण सुटेल.
जेवले नाय. कोणी विचारलं पण नाय.

११ फेब्रु.
लावली तर विचारते, फॉरमॅट करू का. दादा बोलला, "हो म्हणावं लागतं, त्याशिवाय उघडणार नाय." शहाणा. त्याचं बोट बटणावर.
पप्पांनी स्टीलचा पेला कॉटवर आपटला. परत आपटला. जोरजोरात मान हलवत होते. गळ्याच्या भोकातून नुसती हवा.
दादा बोलला, "सॉरी पप्पा." मला नाय बोलला.

तो आंघोळीला गेल्यावर लॅपटॉप बंद करून चालू केला, दुसऱ्या बाजूला लावली. उघडली. नावं सगळी दिसतात. दादाला नाय सांगितलं. टरकू दे.

१३ फेब्रु.
दादाची सुट्टी, म्हणून लॅपटॉप घरी. एकेक कॉपी केलं. शेवटची बारी होईना, एरर. ऑपरेशनच्या आधीची, लालबागची.
पाणी भरायला गेले, आले तर पप्पा लॅपटॉपसमोर. मला बघून पटकन खिडकी खाली केली स्क्रीनवरची. आवाज बंद करून बघत होते. म्हणजे रोज तेच, व्हिडिओ खाली दडवून उघडाच ठेवायचे. इन यूज म्हणे. मी मशीनला शिव्या घालतेय आणि हे. इतका राग आला, आणि पप्पांवर काढणार कसा?

तेवढ्यात काका आले. मी सांगितलं, शेवटची बारी बिघडली, कॉपी होत नाय. दादा बोलला, "काका, तुम्हीच बोललात ना काढ, म्हणून मी वायर..."
"मी कॉपी काढ म्हटलंय रे, वायर न्हय! बुवाचा पुसान टाकीन मी?"
दादा माझ्याकडे बघायला लागला, जसं मीच काहीतरी केलंय.
"तू खेचलीस," मी बोलले. सगळ्यांसमोर. "मी क्लिक करत होते आणि तू खेचलीस."
दादा चप्पल शोधायला लागला. जायचं कुठेच नव्हतं त्याला.

काकांनी शेवटची बारी लावायला सांगितली. आवाज चालू केला. समोरचा बुवा पप्पांना टोमणा मारतो, लोक हसतात, पप्पा पेटी ओढून घेतात, उत्तर द्यायला तोंड उघडतात. आणि अडकतं. तिथेच. काकांनी परत लावलं. परत तिथेच.
काका बोलले, "खंय तरी रिपेर होतला." हार्डडिस्क नाय नेली. नेऊ का विचारलं पण नाय.

पप्पांनी स्वतः पुन्हा लावलं. स्क्रीनवर अडकलं तरी ह्यांचे ओठ पुढे हलत होते, हात मांडीवर ठेका धरून. पुढचं सगळं पाठ आहे त्यांना. आमच्यातल्या कोणालाच नाय.