पहिले दहा सामने कोणाचे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा एका क्रीडा साप्ताहिकात मुद्रितशोधन, सध्याचा धंदा काही नाही, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मनाबद्दल तसे शपथेवर लिहवत नाही, कारण परवा गुरुवारी सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि आज मी तीनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आलो. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. त्यांना म्हणायला काय जाते, झडप माझी आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर निदान निर्णय दुसऱ्याच्या नावावर ढकलता आला असता.

मागच्या वर्षीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात गोलकीपरच्या स्वभावाबद्दल जे दोन परिच्छेद होते तेही रद्द समजावेत. ते मी रागाच्या भरात लिहिले होते, आणि त्यातला पहिला खोटा होता.

कलम १. राहते घर, त्यातील सर्व सामानासह, माझ्या पत्नीला. तिच्यानंतर आमच्या एकुलत्या एका मुलीला. बँकेत जे काही असेल तेही याच क्रमाने. मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नीनेच करावी. चाळीस वर्षे मी नुसते ठरवत आलो आणि अमलात ती आणत आली, त्यात आता बदल नको. मोरीचा नळ उजवीकडे नव्हे, डावीकडे फिरवला की बंद होतो, हे तिला माहीत आहे. मुलीला माहीत नाही, म्हणून लिहिले.

कलम २. माझे भिंग, पोलादी पट्टी आणि न वापरलेल्या लाल पेन्सिलींचा डबा गोलकीपरला. हा माझा मित्र तरुणपणी गोल राखायचा, नंतर त्याने मोटार शिकवण्याचा धंदा केला आणि दोन्हीकडे समोरून येणाऱ्याला शिव्या घातल्या. भिंग त्याला अशासाठी, की बारीक अक्षरातले आकडे वाचायचे असले की तो चष्मा घरी राहिला म्हणतो आणि मग नाकाने कांदे सोलत आपलेच खरे करतो.

माझा दुसरा मित्र न्हावी, त्याला माझा ट्रान्झिस्टर हवा होता. परंतु तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकीलबाईंनी सांगितले. म्हणून ट्रान्झिस्टर मी काल स्वतःच त्याच्या दुकानात नेऊन ठेवला. आवाजाचे बटण ढिले आहे. त्याची तक्रार माझ्याकडे आणू नये.

कलम ३. आता यादी. हे कलम मी चौथ्यांदा लिहितो आहे. पहिले तीन कागद फाडून टाकले, ते टोपलीत सापडल्यास कोणी जोडू नयेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गेली एकतीस वर्षे हंगाम संपला की आमच्या साप्ताहिकात व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या अठरा क्लबांच्या मुख्य प्रशिक्षकांची क्रमवारी छापून येते. हंगामात बदली झाली असेल तर जुना आणि नवा दोघेही धरतात. खाली 'आमच्या समितीकडून' असे असते. समिती म्हणजे आम्ही तिघे: न्हावी, गोलकीपर आणि मी. बैठकीची जागा न्हाव्याचे दुकान, वार त्याच्या सुट्टीचा, शटर अर्धे खाली, तिघे तीन फिरत्या खुर्च्यांत. करंडक किती जिंकले यावर प्रशिक्षक जोखायचा नाही, एवढ्यावर आमचे एकमत. ज्याच्या हाताखाली अकरा हिरे आहेत त्याने अंगठी केली तर नवल काय, हे न्हाव्याचे म्हणणे. पुढे मात्र फाटे फुटत. न्हावी म्हणे, ज्याच्याकडे साधा खेळाडू जाऊन बरा होतो तो मोठा. गोलकीपर म्हणे, शेवटच्या पंधरा मिनिटांत संघ कसा उभा राहतो ते बघा, बाकी सगळा बाजार. मी म्हणे, आकडे. सामन्यामागे गुण किती, घरी किती, बाहेर किती. वाद एवढा चाले की एकदा न्हाव्याने बोलता बोलता गोलकीपरची एका बाजूचीच मिशी कापली आणि ती आठवडाभर तशीच राहिली, कारण दोघे बोलत नव्हते.

शेवटी माझेच आकडे टिकले, आणि त्या आकड्यांत माझा एक नियम. नवा प्रशिक्षक आला की त्याचे पहिले दहा सामने त्याच्या खात्यावर धरायचे नाहीत, ते आधीच्या प्रशिक्षकाचे. मी तेव्हा म्हणालो होतो, नव्या भाडेकरूच्या पहिल्या आठवड्यात छत गळले तर तो दोष जुन्याचा. ऐकायला छान वाटते. दोघांनाही पटले.

हा नियम मी का केला ते आजवर कोणाला सांगितले नाही. सव्वीस वर्षांपूर्वी एक प्रशिक्षक होता, त्याला सगळे तुफान म्हणत. बोलायला फर्डा. मला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन जाई, खांद्यावर हात टाकी. माझ्यासारख्या दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कोणी हात टाकत नसे. मी विरघळलो. तो हंगामाच्या मध्यावर आला आणि पहिल्या दहांत सात सामने हरला, पुढे सावरला. ते सात पराभव मला त्याच्या नावावर बघवेनात. म्हणून नियम केला, आणि ते आधीच्या माणसाच्या गळ्यात टाकले.

आधीचा माणूस मैदानाच्या कडेला कधी ओरडत नसे, म्हणून त्याला मौनी म्हणत. तो गेला तेव्हा त्याचा हिशेब सहाव्या क्रमांकाचा होता. माझ्या यादीत तो शेवटचा आला. एक क्लब त्याला घेणार होता, यादी छापून आल्यावर तो क्लब कानावर हात ठेवून बसला. दुसराही कोणी पुढे आला नाही. तो आमच्या कार्यालयात आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. म्हणाला, "त्या दहा सामन्यांच्या वेळी मी घरी होतो हो. ते सामने माझे नव्हते." मी मान वर न करता म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा आहे." मला खूप काम होते असे मी दाखवले. काम नव्हते.

कलम ४. माझी मुलगी या हंगामात लीगमधल्या एका क्लबाची मुख्य प्रशिक्षक झाली. लग्नानंतर तिने आडनाव बदलले, म्हणून ती माझी मुलगी आहे हे वाचकांना ठाऊक नाही. अकरा सामने झाल्यावर तिला बोलावले. पहिल्या दहांत तिने सहा जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एकच हरली. मग तिचे दोन्ही आघाडीवीर गुडघे मोडून बसले आणि उरलेल्या तेरांत आठ हरली. माझ्या नियमाने ते पहिले दहा सामने तिचे नाहीत. तिच्या आधीचा गृहस्थ, जो ते दहाही सामने घरी बसून टीव्हीवर बघत होता, तो आठवा आला आहे. माझी मुलगी तळाच्या तिघांत आहे.

तिच्या क्लबाचे संचालक मंडळ येत्या शनिवारी बसते. कुठे लिहिलेले नाही, पण त्यांनी यापूर्वी दोघांना याच यादीच्या तळाशी आले म्हणून घरी पाठवले. यादी उद्या संध्याकाळी छापखान्यात जाते. परवा मी भूल घेऊन पडलेला असेन. माझा जीव टांगणीला लागला आहे तो झडपेपायी नाही, हे पत्नीने आता तरी समजून घ्यावे.

मागच्या शुक्रवारी मुलीचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणाली, "बाबा, खालून दुसरी ना मी?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मीच काढून बघितलं. तुमचा नियम मला पाठ आहे."

मी म्हणालो, "नियम काय, बदलता येतो."

"माझ्यासाठी बदलू नका. बापाने वर ओढलं म्हणतील, मग मी पोरांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?" मग तिने जेवलात का ते विचारले. मी हो म्हणालो. "पण ते दहा सामने माझे होते, बाबा," एवढे म्हणून तिने फोन ठेवला.

मी खुर्चीत बसून राहिलो. मला लाज वाटली, आणि लाज दोन बाजूंनी वाटली. सव्वीस वर्षांपूर्वी एकाने हेच उलट्या बाजूने सांगितले तेव्हा मला काही समजले नाही, आणि आज स्वतःच्या पोरीवर आले तर एका वाक्यात समजले. नियम चुकीचा आहे. पण तो आता काढला तर मुलीसाठी काढला असे होते, आणि न काढला तर माझे नाक वर राहावे म्हणून तिची नोकरी घालवली असे होते. न्हावी म्हणाला, काढून टाक. गोलकीपर म्हणाला, हात लावशील तर समितीतून मी बाहेर. मी दोघांनाही बरोबर म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही.

कलम ५. रविवारी मी मौनींना शोधत गेलो. ते एका बुटांच्या दुकानात काम करतात, शाळेचे बूट आणि खेळाचे बूट. मी दारात उभा राहिलो तेव्हा ते एका मुलीच्या अंगठ्यापुढे किती जागा उरते ते दाबून बघत होते. मला ओळखले. "बसा. माप घ्यायचंय?" म्हणाले.

मी सगळे सांगितले. तुफानचा हात, नियम, मुलगी, शनिवार. मधे दोन गिऱ्हाइके आली, ती त्यांनी केली आणि परत येऊन समोरच्या स्टुलावर बसले.

"मुलीमुळे आलात."

"हो."

"बरं झालं तुम्हाला मुलगी आहे." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटले नाही. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. मग म्हणाले, "संघ सातवा सामना हरला ना, तेव्हा मी सासऱ्यांच्या घरी भिंत रंगवत होतो. ब्रश हातात होता आणि रेडिओवर ऐकलं. पुढे तुमची यादी आली. मी बायकोला म्हटलं, भिंत रंगवता रंगवता हरलो बघ."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही होती ते मला कळले नाही आणि विचारायचा धीर झाला नाही.

मी विचारले, "मी काय करू?"

"काढायचा तर सगळ्यांचा काढा. पहिल्या वर्षापासून. पोरीपुरता काढलात तर तिलाही आयुष्यभर तो डाग, आणि मी आहे तिथेच." मग स्टूल सरकवत म्हणाले, "आणि बाप कोण ते लिहा. लपवून काही चांगलं करता येत नाही."

कलम ६. सबब मी असे ठरवतो. पहिल्या दहा सामन्यांचा नियम रद्द. केवळ या वर्षापुरता नव्हे, तो लागू केला त्या वर्षापासूनचा. काल आणि आज बसून मी सव्वीस याद्या पुन्हा केल्या आहेत. मौनी त्यांच्या वर्षी सहावे आहेत. तुफान नवव्या जागेवरून चौदाव्या जागेवर गेला. तो आता हयात नाही, त्याच्या घरच्यांची मी क्षमा मागतो. मुलगी या वर्षी नववी आहे. तिच्या आधीच्या गृहस्थांचा माझ्यावर राग होणार, तो मी मान्य करून जातो.

उद्याच्या यादीच्या वर, चौकटीत, ठळक अक्षरात असे छापावे: 'ही यादी करणाऱ्याची मुलगी नवव्या क्रमांकावर आहे. नियम का बदलला ते खाली वाचा.' संपादक म्हणतात, असे छापले तर यादीवर कोण विश्वास ठेवील. न ठेवो. संचालक मंडळाने ती केराच्या टोपलीत टाकली आणि शनिवारी तिने हंगामभर मैदानावर काय केले ते पाहिले, तर मला तेच हवे आहे. तसे ते करतील की नाही, याची भीती मला आहे. फार भीती आहे. ती या कागदातून कोणाला देता येत नाही म्हणून बरोबर घेऊन जातो.

माझ्या साऱ्या वह्या मुलीला. पुढची यादी करायची की वह्या रद्दीत घालायच्या हे तिने ठरवावे. गोलकीपर समितीतून बाहेर पडला आहे असे तो म्हणतो, पण आज दुपारी चहा प्यायला आला होता आणि आकडे बरोबर आहेत का ते दोनदा तपासून गेला.

कलम ७. मौनींना मी या मृत्युपत्रातून काहीही देत नाही. ते साक्षीदार म्हणून सही करायला तयार झाले आहेत. त्यांचे सहावे स्थान त्यांना परत केल्याने साक्ष बाद होते का, असे मी वकीलबाईंना घाबरत विचारले. त्या म्हणाल्या, "ज्याचं त्याला दिलं तर त्याला देणगी म्हणत नाहीत."

येणेप्रमाणे लिहिलेले मी वाचून पाहिले. चुका असतील त्या माझ्या.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: मंगळवार, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाच्या आदला दिवस, सायंकाळी सहा.

(सही) लिहून ठेवणार

आमच्यासमक्ष सही केली, व आम्ही एकमेकांसमक्ष सही केली:

साक्षीदार पहिला. (सही)
वय: सदुसष्ट. धंदा: केशकर्तन.

साक्षीदार दुसरा. (सही)
वय: चौऱ्याहत्तर. धंदा: ~~बूटविक्री~~ फुटबॉल प्रशिक्षक.

वरील खाडाखोड दुसऱ्या साक्षीदाराने स्वतःच्या हाताने केली आहे. ती मला मान्य आहे.

(सही) लिहून ठेवणार