स्टँडवर लावलेली सायकल

आई, परवा मोहालीच्या एका शाळेत बोलून आले आणि तेव्हापासून तुझी सायकल डोक्यातून जात नाही. शाळा मोठी आहे, फाटकाबाहेर मोटारींची रांग, आणि आतल्या निम्म्या मुलांना सायकल येत नाही. तरी मला अजून बोलावतात. लंकेला सायकलवरून एकटीनं वळसा घालून आलेली बाई, एवढी एक ओळख मला जन्मभर पुरली. बाकी मी काय केलं ते कुणी विचारत नाही, आणि सांगण्यासारखं फारसं नाहीही. मराठीत लिहायला बसलेय, म्हणजे चुका होणारच. तू म्हणायचीस, हिचं मराठी म्हणजे राजमा घातलेली आमटी. तशीच गोड मानून घे.

आपण चंदीगडला आलो तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. बाबांची बदली, सेक्टर वीसमधलं सरकारी क्वार्टर, समोर हा एवढा रुंद रस्ता आणि त्यावर चिटपाखरू नाही. तुला त्या रस्त्यांचा रागच यायचा. सगळं फूटपट्टीनं आखलेलं, कोथिंबिरीची जुडी आणायची तर अर्धी सकाळ मोडते, म्हणून कुरकुरायचीस. शेजारच्या भाभीजी शाळेत शिकवायच्या आणि सायकलवरून जायच्या. एक दिवस त्यांनीच तुला दंडाला धरून सीटवर बसवलं. मला ते अजून दिसतं. मी मागून कॅरियर धरून पळतेय, तू पदर खोचलायस, नजर पुढच्या चाकावर खिळलीय, आणि भाभीजी ओरडतायत, "बहनजी, थल्ले ना वेखो, अग्गे वेखो." खाली बघू नका, पुढं बघा. तू पडलीस, उठलीस, घरी येऊन कोपराला हळद लावलीस आणि मला बजावलंस, "मिरजेला कुणाला लिहू नको हं. तुझी आजी म्हणेल, पंजाबात गेली आणि सून उधळली." हसत होतीस, पण खरीच घाबरलेली होतीस. पस्तिशी उलटली होती तुझी.

त्या दसऱ्याला काळी लेडीज सायकल घरी आली. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, पुढं वेताची टोपली. तिला तू झेंडूची माळ घातलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीला गेलीस ती चांगली उशिरानं आलीस. कुठं होतीस विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं, तळ्यापर्यंत जाऊन आले." तळं काही भाजीच्या वाटेवर नव्हतं. मग ते रोजचंच झालं. टोपलीत दुधी, भेंडी, गाल लाल, केस विस्कटलेले, आणि पोळ्या लाटताना गुणगुणणं. एकदा पोळी तव्यावर टाकता टाकता तू म्हणालीस, "मिरजेत मी सून होते. इथं ऑफिसवाल्यांच्या बायकांत साहेबांची मिसेस. सायकलवर बसलं की कुणाची कुणी नसते बघ." मला ती गंमत वाटली. पोळी फुगली का, एवढंच मी बघत होते.

मी कॉलेजात गेले तोवर घरोघर स्कूटरचे नंबर लावून झाले होते. सायकलवरून येणारी पोरं ती लांब झाडाखाली लावून मग फाटकाशी यायची. आमच्या सायकल क्लबात ठरलं की कुणीतरी लांबचा दौरा करावा, गावोगाव सायकलबद्दल बोलावं, पेपरात यावं. मी म्हटलं, मी जाते, लंकेला, एकटी. लंकाच का, तर जिथून निघायचं तिथंच परत यायचं, गोल पुरा करायचा, हे मला फार आवडलं होतं. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तूही आधी "लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं?" म्हणून उडवून लावलंस. मग काही दिवसांनी कणीक मळताना, वर न बघता विचारलंस, "कुठल्या सायकलवरून जाणार? तुझा तो खटारा? त्याची फ्रेम पंचकुल्याला पोचायच्या आत मोडेल. माझी ने."

"आणि तू?"

"मी चालीन थोडे दिवस. पाय आहेत मला."

बाबांना काय सांगितलंस ते मला कधीच कळलं नाही, पण स्टेशनवर पोचवायला तेच आले. तुझी एकच अट होती. बेट उजव्या हाताला ठेवून जायचं. "वळसा घालणार ना? मग प्रदक्षिणाच ती. उलटी घालू नये." क्लबचा सेक्रेटरी नकाशावर बोट आपटून सांगत होता की असं गेलीस तर परतीच्या किनाऱ्याला वारा तोंडावर येईल. मी तुझं ऐकलं. निघताना तू माझ्या बांगड्या, कानातले, गळ्यातली साखळी सगळं काढून घेतलंस, मला न्याहाळलंस आणि म्हणालीस, "आता खरी लंकेची पार्वती झालीस."

आई, तिथलं मी तुला नीट सांगितलंच नाही. स्लाइड दाखवून हिंदीत सांगितलं, सगळ्यांबरोबर. रामेश्वरहून बोटीनं गेले, तुझी सायकल डेकवर दोरीनं बांधलेली. उत्तरेला ताडाची झाडं आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली मासळी. पूर्वेच्या किनाऱ्यानं खाली उतरताना वारा पाठीशी, वाटायचं आपण चालवतच नाही. डाव्या हाताला समुद्र, तुझी प्रदक्षिणा उजव्या हाताला. मग गॉलचं टोक वळले आणि सेक्रेटरीचं खरं झालं. कोलंबोपर्यंत आणि पुढंही वारा असा तोंडावर की उतरून ढकलावी लागली. तुला मी हिंदीत काय काय बोलले ते लिहीत नाही. शहाळी विकणाऱ्या बायका हाक मारून थांबवायच्या आणि पैसे घ्यायला नको म्हणायच्या.

शाळांमध्ये माझं भाषण ठरलेलं होतं, व्यायाम, बचत, स्वच्छ हवा. पोरी जांभया द्यायच्या. एका शाळेत मी कंटाळून सायकलकडे बोट दाखवलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, ही माझ्या आईची आहे. पस्तिशीनंतर शिकली. साडी नेसून चालवते, रोज बाजारात जाते. आणि सगळ्या पोरी उठून आल्या. कुणी जाळीला हात लावला, कुणी टोपलीत डोकावलं. मी किती चालवली यात कुणाला रस नव्हता, तू कशी चालवतेस ते मात्र पुन्हा पुन्हा विचारलं. पुढं प्रत्येक गावात मी तुझंच सांगत गेले. दक्षिणेच्या मातर गावाच्या अलीकडं एक मास्तरीणबाई, चांगल्या जाडजूड, म्हणाल्या मला बसव. मी कॅरियर धरून मागून पळतेय, आणि तोंडातून निघालं काय, तर "थल्ले ना वेखो, अग्गे वेखो." त्यांना कळलं असावं. फाटकापर्यंत गेल्या.

परत आले तेव्हा तू स्टेशनवर होतीस. आधी माझ्याकडं बघितलंस, की काळी पडलीय, वाळलीय. मग सायकलचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलंस. संध्याकाळी पाट मांडताना विचारलंस, "उद्या बाजारात नेऊ का गं हिला?" मी म्हटलं, "आई, रविवारी सत्कार आहे ना यार, आत्ताच घासूनपुसून ठेवलीय. त्यानंतर ने." तू बरं म्हणालीस.

आपलं मराठी मंडळ तुला आठवत असेलच. ऑफिसातली, बँकेतली, एअर फोर्सची मिळून चाळीसेक कुटुंबं, गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, आणि सत्काराला कुणी सापडलं की सोडायचं नाही. मला शाल-श्रीफळ दिलं. सायकलच्या हँडलला हार घातला, एका विंग कमांडरांच्या बायकोनं टोपलीला कुंकू लावलं. अध्यक्ष म्हणाले, ही सायकल आता एका घरची राहिली नाही, ती आपल्या सगळ्यांची आहे. टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. ते तुझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, गणपतीपर्यंत इथंच राहू दे. देखावा करू." तू म्हणालीस, "राहू दे की. मंडळाचा मान आहे." मी तिथंच उभी होते, खांद्यावर शाल, आणि मला छान वाटत होतं.

गणपतीत पुठ्ठ्याचं बेट केलं, निळ्या कागदाचा समुद्र, मध्ये तुझी सायकल. गणपती गेला, बेट मोडलं, सायकल मंडळाच्या हॉलच्या कोपऱ्यात लाकडी चौथऱ्यावर गेली, वर पाटी लागली. आपल्या माणसांचं हे असंच. कामाची वस्तू मनात भरली की तिला हळदकुंकू वाहायचं आणि कामातून उठवायचं. यात वाईट कुणीच नव्हतं, म्हणून तर कुणाला काही बोलता आलं नाही. तुला तर नाहीच. चौथऱ्यावरून उतरवून भाजीला न्यायची म्हणजे देव्हाऱ्यातला तांब्या पाणी तापवायला घेण्यासारखं झालं असतं.

मग बाबांच्या स्कूटरचा नंबर लागला. रविवारी तू मागं बसून बाजारात जायचीस, एरवी फेरीवाला आणेल ती भाजी. दुसरी सायकल घेऊ या, असं बाबा एकदा म्हणाले. तू म्हणालीस, "आता गुडघे दुखतात." मला ते खरं वाटलं. मी तेव्हा दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या शाळेत सायकलवर भाषण द्यायला जात होते, बसनं. तळ्याकडं तू गेलीस का, हे मी कधी विचारलं नाही. गुणगुणणं थांबलंय हेही मला तू गेल्यावर लक्षात आलं, तुझ्या रिकाम्या स्वयंपाकघरात.

तू गेल्यानंतर मंडळाचा चौकीदार भेटायला आला होता. म्हणाला, "माताजी हर फंक्शन से पहले आती थीं, घर से पंप लेकर. दोनों पहियों में हवा भरती थीं. मैंने कहा, ये तो खडी है जी, हवा किसलिए? बोलीं, खडी-खडी ज्यादा खराब होती है." मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर खूप रडले. लंकेत मी किती जणींना सायकलवर बसवलं ते मला माहीत नाही. घरातल्या एकीला उतरवलं, एवढं पक्कं माहीत आहे.

पुढं हॉल पाडून नवा बांधला, त्या गडबडीत सायकल कुठं गेली कुणास ठाऊक. मीही शोधायला गेले नाही.

तर परवा, मोहालीत. नेहमीसारखं तुझं सांगितलं, भाभीजी, हळद, जाळी, टोपली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅम, आपके लौटने के बाद आपकी मम्मी ने फिर चलाई वो साइकल?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हां बेटा. बहुत साल चलाई. रोज झील तक जाती थीं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. खोटं होतं, पण ते बोलताना तू मला खरोखर दिसलीस, पदर खोचलेली, तळ्याच्या रस्त्यानं पुढं बघत चाललेली, आणि तुला पुन्हा उतरवायचं माझ्या जिवावर आलं. हे पत्र कुठं टाकायचं ते माहीत नाही, तेव्हा ते इथंच राहील. पुढच्या महिन्यात मुल्लानपूरच्या एका शाळेत जायचं आहे. तिथंही मी हेच सांगणार आहे.