तीन नंबरचं भोक

मंगळवार, १३ जानेवारी
दौंडकडच्या काँक्रीट रस्त्याची सरकारी तपासणी. सहा कोअर काढले, म्हणजे भोक पाडून रस्त्याच्या जाडीएवढे काँक्रीटचे गोल दांडे. पुण्याच्या लेखापरीक्षणातल्या मडावी मॅडम पहिल्यांदाच पाहिल्या. बाई हुशार. कुठं भोक पाडायचं ते आधी कुणालाच सांगितलं नाही. जागेवर आल्यावर चिठ्ठ्या केल्या, इसाकभाईंची टोपी मागितली, तीत टाकल्या आणि त्यांनाच उचलायला लावल्या. इसाकभाई चौदा वर्षं माझ्या मशिनला पाणी धरतात. म्हणाले, "मिस्त्री, आज टोपीला सरकारी नोकरी लागली." ठेकेदाराचा मॅनेजर काटकर तेवढा हसला नाही.

१, २, ४, ६ : अखंड. ३० सेंमी, दोन-चार मिमी इकडंतिकडं.
३ : १७ सेंमीवर तुटला. आतून पोकळ. खडी आहे, खडीला धरणारा माल नाही. फटीत करंगळी जाते.
५ : तसाच. १९ वर.

कुलथे साहेब (रस्त्याच्या खात्याचे, दौंडला बसतात) यांनी ३ नंबरचा तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग खाली ठेवला आणि रुमालाने हात पुसले.

सहाही भोकं बुजवली. भरून झालं की वर लोखंडी वायसर दाबून बसवतो, त्यावर पंचने नंबर ठोकलेला. कुठल्या नियमात नाही. पण माझं भोक मला दहा वर्षांनीही सापडलं पाहिजे.

गुरुवार, २९ जानेवारी
काटकरने मोबाइलवर एक पान धाडलं. मुद्दाम. खात्याने लेखापरीक्षणाला दिलेल्या उत्तरातलं. वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवतो :

"कोअर क्र. ३ व ५ हे यंत्रचालकाच्या अकुशल हाताळणीमुळे भंगल्याचे दिसून येत असल्याने ग्राह्य धरण्यात येऊ नयेत."

अकुशल. बावीस वर्षं. नववी नापास माणूस मी. शिक्रापूरला कारखान्यात हेल्पर होतो, तिथं भंगारात पडलेलं ड्रिल खोललं आणि परत जोडलं, चाललं. पुस्तिका इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन सात महिन्यांत संपवली. आजवर माझ्या हाताने किती कोअर निघाले त्याच्या सतरा वह्या आहेत. एक तरी दाखवा माझ्या हाताने तुटलेला.

मशिन हललं तर तुटलेलं तोंड घासून गुळगुळीत होतं, वाटोळ्या रेघा दिसतात. इथं खडी सुटून आलेली, तोंड खडबडीत. हे सांगायला डिग्री लागत नाही. लपवायला लागत असेल.

घरी बायकोला दाखवलं. सुनंदा म्हणाली, "तुमचं नाव कुठं लिवलंय त्यात? यंत्रचालक लिवलंय."
म्हटलं, अख्ख्या रस्त्यावर दुसरा कोण होता यंत्रचालक?
"बरं मग जेवा आता, यंत्रचालक."
जेवलो नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी
दौंड. कुलथ्यांच्या दाराशी दीड तास.
"मिस्त्री, तुमच्यावर कारवाई काही नाही हो. एक वाक्य आहे फक्त."
"मग ते तुमच्या नावावर घ्या ना साहेब. एकच तर आहे."
चहा सांगितला. मी घेतला नाही. इसाकभाईंनी दोन्ही कप घेतले. यावरून येताना भांडण.
शेवटी साहेब म्हणाले, "एवढं लागलंय ना मनाला? त्याच दोन जागी परत काढू. तुम्हीच काढा. सत्तावीस तारखेला, मॅडमनाही बोलवतो. अखंड निघाले की प्रश्न मिटला."
मान ताठ करून बाहेर आलो. गाडीला किक मारली आणि मग डोक्यात उजेड पडला. अखंड निघाले तर प्रश्न कुणाचा मिटला?

गुरुवार, १२ फेब्रुवारी
निमोण्याला काम होतं, तिथून वाट वाकडी करून रस्त्यावर गेलो. ३ नंबरची जागा रसवंतीसमोर. पिवळ्या रंगाने फुली मारून ठेवलीय, 'इथं काढा' म्हणून.
फुलीभोवती चौकोन. वरून सिमेंटचं पाणी फासलंय, पण ओणवं होऊन बघितलं की दिसतो. टेप लावला. १.२० मी. × १.२० मी. रस्त्यावर आडव्या रेघा असतात, गाडी घसरू नये म्हणून. जुन्या रेघा मशिनच्या, एकसारख्या. चौकोनातल्या हाताने ओढलेल्या. एक तर चक्क वाकडी.
रसवंतीवाल्या मावशींना विचारलं.
"आठ दिस झालं की. पार खालपतुर खांदलं, नवा माल टाकला. रोज पोती वली करत्यात. तान्ह्या लेकराला करत न्हाईत एवढं." मग म्हणाल्या, "तुमीच का ते भोकवाले? रस घ्या."
घेतला.
पुढं ५ ची जागा पाहिली. तिथंही चौकोन.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
दिवसभर तेच. गेलो नाही तर लिहितील, चालक गैरहजर. दुसऱ्याला आणून काढतील. गेलो तर कोअर अखंड निघणार, कारण तेवढ्यापुरता रस्ता खरोखर चांगला केलाय. म्हणजे जानेवारीतले दोन मीच मोडले, हे माझ्याच हाताने सिद्ध.
मॅडमना कळवावं तर नंबर नाही. पुण्याच्या ऑफिसला फोन केला : "लेखी द्या, आवक नंबर घ्या." लेखी दिलं. आवक नंबर मिळाला, बाकी काही नाही.
इसाकभाई म्हणाले, "त्यात काय यवढं. मोडायचा की मुद्दाम. तुमाला काय अवघड हाय?"
काय बोललो ते इथं लिहीत नाही. चौदा वर्षांत त्यांच्यावर असा ओरडलो नव्हतो. ते गुमान पाइप गुंडाळत बसले.

शनिवार, १४ फेब्रुवारी
इसाकभाई आले नाहीत. एकट्याने मशिन धुतलं. पाइप त्यांच्यासारखा गुंडाळता येत नाही मला.

सोमवार, १६ फेब्रुवारी
आले. म्हणाले, "माफी मागायला न्हाई आलो. माझी टोपी इथं राहिली हुती."
टोपी त्यांच्या डोक्यावरच होती.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
आजचं नीट लिहायचं आहे.
सकाळी साडेदहा. कुलथे, काटकर, मडावी मॅडम. मॅडमच्या हातात फाइल, तिच्यात माझं पत्र असावं, नसावं. चेहऱ्यावरून काही कळत नाही त्या बाईच्या.
मशिन उतरवलं नाही. आधी गुडघ्यावर बसून फुलीच्या आजूबाजूला हात फिरवत राहिलो.
काटकर : "काय हरवलं का मिस्त्री?"
"भोक."
"आँ?"
"तीन नंबरचं भोक. मी पाडलेलं, मीच बुजवलेलं. वर वायसर होता, तीन आकडा ठोकलेला. कुठाय?"
"बुजलं असंल की. येवढ्या ट्रॉल्या जात्यात उसाच्या."
"एक नंबरवरनंही त्याच ट्रॉल्या जातात. चला, दाखवतो. वायसर जिथल्या तिथं."
काटकर कुलथ्यांकडं बघायला लागला. इथंच चुकले हे लोक. इतका नामी चौकोन केला, की ज्या भोकाची फेरतपासणी ते भोकच खणून फेकून दिलं.
कुलथे : "मिस्त्री, तुमचं काम कोअर काढणं. फुलीवर काढा."
काढला. ३१ सेंमी. अखंड, भरीव, कडा धारदार. आयुष्यात यापेक्षा चांगला कोअर काढलेला नाही. हातात धरवेना. काटकर टाळ्या वाजवायचाच बाकी होता. "बघा मॅडम, नीट धरलं की निघतंय."
नीट धरलं की.
मी मशिन सोडवलं आणि साठ सेंमी सरकवून चौकोनाच्या रेघेवर ठेवलं. अर्धं नव्यावर, अर्धं जुन्यावर. म्हटलं, आता एक इथं.
कुलथे : "हे कार्यक्रमात नाही."
मॅडमनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, "किती वेळ लागेल?"
"चाळीस मिनिटं."
"काढा."
अडतीस मिनिटांत निघाला. बाहेर घेतला आणि सांध्यावर उभा दुभंगला. नवी बाजू शेवटपर्यंत भरीव. जुनी बाजू १६ सेंमीपर्यंत धड, खाली चुरा.
कुलथे हसले. खरंच हसले. "हाही तुटला, मिस्त्री. तीन झाले."
मी तुकडे मॅडमपुढं धरले.
मॅडमनी रुमाल अंथरला, दोन्ही भाग शेजारी ठेवले, स्वतः टेप लावला. मग मला विचारलं, "पत्रात पोकळ लिहिलंय तुम्ही. पोकळ म्हणजे किती?"
"करंगळी जाते."
त्यांनी घड्याळ काढून ठेवलं आणि करंगळी घातली. गेली. तशीच ठेवून कुलथ्यांकडं बघत राहिल्या. कुलथे मोबाइल बघत होते.
मग रजिस्टर माझ्यापुढं केलं. "जे पाहिलंत ते तुमच्या अक्षरात लिहा." बावीस वर्षांत चालकाला रजिस्टर कुणी दिलं नव्हतं, अंगठ्यापुरतं सोडून. पाच ओळी लिहिल्या. मापं घातली. खाली सही, पूर्ण नाव. मॅडमची सही. कुलथे म्हणाले, "मी ऑफिसातून करतो." ५ नंबरवर गेलोच नाही, साहेबांना मीटिंग आठवली.
दोन्ही तुकडे मॅडम घेऊन गेल्या. इसाकभाईंनी पोत्यात बांधून दिले आणि ड्रायव्हरला दम दिला, "सांभाळून ने रं, काचंचं हाय असं समज."
येताना म्हणाले, "मोडला की वो शेवटी."
म्हटलं, "मी नाही मोडला."
"तेच म्हंतोय."

सोमवार, ९ मार्च
सकाळी पोस्टाने पत्र. कुलथ्यांच्या ऑफिसचं. तपासणीदरम्यान एकूण तीन कोअर भंगले, सबब आपले नाव यंत्रचालकांच्या यादीतून का वगळू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. तीन. तिसराही माझ्याच खात्यावर. रजिस्टरमधल्या माझ्या पाच ओळींचा उल्लेख नाही. सुनंदाने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "या बारीला नावसुद्धा घातलंय बघा. पुरं."
दुपारी अनोळखी नंबर. मडावी मॅडम. पत्राचं सांगायला लागलो तर मध्येच म्हणाल्या, "ते राहू द्या. इसाकभाईंच्या टोपीत किती चिठ्ठ्या मावतील?"
शेजारीच होते. विचारलं. टोपी काढून, उलटी करून, आत बघत म्हणाले, "जुनी हाय. पन्नास तर सहज."
मॅडम "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. तारीख नाही, कुठला रस्ता ते नाही, काही नाही.
खुलाशाचा कागद समोर घेऊन बसलोय. वर 'प्रति' एवढंच लिहून झालंय. इसाकभाई बाहेर बसून मशिनला नवी बिट चढवतायत. मी सांगितलेलं नाही.