विहीर सुलाबाईच्या नावे

मी, धनराज काळू ताजणे, वय त्र्याहत्तर, पूर्वी एकलहरे वीजकेंद्रात नोकरी, आता घरची भाजी आणि थोडा झेंडू, राहणार मखमलाबाद, नाशिक, डोकं ठिकाणावर असताना, कोणी न शिकवता आणि कोणी न ढकलता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वकील सविताताईंनी एक छापील नमुना दिला होता. तो मी वाचला नाही. आजवर कुठलंच काम आधी वाचून केलं नाही, तर या शेवटच्या कामाला ती सवय कशाला लावायची?

१. राहतं घर माझी पत्नी सौ. सुलाबाई हिला तहहयात. तिच्या माघारी मुलगा अमित आणि मुलगी रूपाली यांनी निम्मं निम्मं घ्यावं. मध्ये भिंत घालू नये. घालायचीच झाली तर निदान स्वयंपाकघर सोडून घालावी.

२. बँकेतली ठेव सुलाबाईला. तिने ती कशीही खर्च करावी, पोहण्याच्या तलावाची फी भरायलासुद्धा. हे वाक्य लिहिताना मला त्रास झाला, याची नोंद असावी.

३. पंपाची सगळी हत्यारं अमितला. त्याला पाना धरता येत नाही, पण हातात घेतल्याशिवाय येणारही नाही.

४. पत्र्याचे डबे, दोर आणि स्कूटरच्या जुन्या ट्यूबा ज्याला हव्या असतील त्याला द्याव्यात. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं लोक नुसतं म्हणतात. मी ते करून दाखवलं. अर्धं मखमलाबाद माझ्या विहिरीत पोहायला शिकलं. पाठीला डबा बांधायचा, काठावरून ढकलायचं आणि वरून ओरडायचं, "श्वास धरून ठेव, हात मार." दर उन्हाळ्यात माझा घसा बसायचा. अमित म्हणतो, "पप्पा, आता कोणाचं पोरगं ढकललं तर केस होईल." म्हणून कोणी डबे मागायला येईल अशी आशा नाही. भंगारात गेले तरी माझी हरकत नाही.

५. अर्धं मखमलाबाद म्हणालो, त्यात माझी बायको नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सुलाबाईला तशीच ढकलली होती. डबा बांधला होता, दोर माझ्या हातात होता. ती दोराला धरून पायऱ्यांवर आली, लुगडं पिळलं आणि म्हणाली, "परत हात लावाल तर वणीला माहेरी निघून जाईन." तेव्हापासून ती विहिरीवर कपडे धुवायलासुद्धा आली नाही. माझं म्हणणं, आणखी थोडी थांबली असती तर त्याच दिवशी शिकली असती. तिचं म्हणणं, मेली असती. हा वाद अजून मिटलेला नाही आणि या कागदाने तो मिटला असं कोणी समजू नये.

६. तलावावर बायकांना शिकवणारी पल्लवी हिला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. तिने मागितलेलं नाही, तरी लिहून ठेवतो. सुलाबाईचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. पोहायला! जिच्या दारात विहीर आणि घरात मी, तिला! तिने मला विचारलंही नाही. एक दिवस अंगणातल्या दोरीवर निळा पोहण्याचा पोशाख वाळत दिसला. मला वाटलं सुनेचा असेल. सून हसली आणि म्हणाली, "आईंचा आहे."

मी म्हटलं, "मी मेलो होतो का?"

सुलाबाई म्हणाली, "तुमी ढकलता. ती पोरगी आधी सांगती, मग पाण्यात घेती."

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. दिवाळीला पल्लवीसाठी अनारशांचा वेगळा डबा भरला जातो. माझ्यासाठी राहतात ते मोडके. मी एकदा तलावावर गेलो होतो. फाटकावरचा माणूस म्हणाला, "काका, लेडीजची वेळ आहे." भिंतीबाहेर उभा राहिलो. आत बायका हसत होत्या, पाणी उडत होतं, त्यातली सुला कुठली ते काही कळलं नाही. माझी बायको पोहताना पल्लवीने पाहिली, कपडे सांभाळणाऱ्या बाईने पाहिली, झाडूवालीने पाहिली. मी पाहिलेली नाही. माझं पोट दुखतं ते इथे, आणि मी ते लपवत नाही.

७. तलावावरून मिळालेली पोहण्याची पुस्तिका. ही सुलाबाईची, तिची वाटणी करायचा मला अधिकार नाही, पण तिच्याबद्दल बोलायचा आहे. तलावावर जाऊ लागल्यावर पहिला महिनाभर ही बाई हॉलमध्ये स्टुलावर पालथी पडून, पुस्तिका समोर ठेवून हातपाय मारत होती. मी जेवता जेवता हसलो. "स्टूल बुडेल," म्हणालो. तिने वर पाहिलं नाही, पान उलटलं.

मग एकदा ती वणीला गेली असताना मी ती पुस्तिका उघडली. चुका काढायला उघडली होती. त्यात लिहिलंय की तोंड पाण्याखाली असताना श्वास हळूहळू सोडत राहायचा, धरून ठेवायचा नाही. मी म्हटलं, सापडली चूक. लगेच विहिरीत उतरलो. उतरलो तर काय, माझ्याच नाकातून बुडबुडे निघत होते. म्हणजे लहानपणापासून मी श्वास सोडतच पोहत होतो आणि काठावरून ओरडत होतो, धरून ठेव. जी पोरं शिकली ती माझं न ऐकता शिकली असणार. एवढ्याशा कागदाला ठाऊक होतं आणि माझ्या नाकाला ठाऊक होतं, मला तेवढं नव्हतं. एखाद्या माणसाचा हेवा करता येतो, त्याला चार शब्द सुनावता येतात. छापील कागदाचं काय करायचं? मी पुस्तिका होती तशी ठेवून दिली आणि याबद्दल घरात कोणाला बोललो नाही.

८. विहीर आणि तिच्याभोवतीची जागा. अमितला ती बुजवून गाड्यांसाठी जागा करायची आहे. ते होणे नाही. विहीर सुलाबाईला, पूर्ण मालकीने. मी खाली एक अट घातली होती, की तिने या विहिरीत एकदा तरी पोहावं आणि ते मी पाहावं. सविताताईंनी कच्चा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, हे तुमच्या माघारी उघडायचं. तुम्ही पाहणार कसे? नमुना वाचला असता तर कळलं असतं."

अट खोडली. विहीर विनाअट तिची. तिने पोहावं, पाणी विकावं, नाहीतर बुजवावी.

अट कागदावर चालत नाही म्हणून आज ती तोंडी मागितली. सुलाबाई भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "उद्या सकाळी येते. तुमी काठावर बसायचं. हे कर, ते कर, काय पण बोलायचं नाय. एक शब्द ऐकू आला तर तशीच वर येईन, परत कधी उतरणार नाय."

मी हो म्हणालो. या विहिरीच्या काठावर मी आजवर कधी गप्प बसलेलो नाही. उद्या सकाळी बसायचं आहे.

वरील मजकूर माझा आहे, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही करत आहे.

सही: धनराज काळू ताजणे

साक्षीदार, ज्यांना या मिळकतीत काहीही मिळणार नाही:
१. भारत वाळू गायखे, शेजारी
२. सुवर्णा राज काठे, निवृत्त शिक्षिका

मखमलाबाद, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५