एक काना जास्त

८ जानेवारी

चि. सौ. चिमणीस,
ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू गिऱ्हाइकांशी आणि माझ्याशी एकदमच बोलतेस. परवा खोकल्याचं औषध मला सांगितलंस. म्हणून हे पत्र.

सख्ख्या बहिणीचं औषधांचं दुकान असताना मी डोळ्यांचे थेंब कोपऱ्यावरून आणले, हे आधीच सांगून टाकते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. वाऱ्याने चुरचुरतात, पंख्याने चुरचुरतात आणि वर लालभडक. दुकानदाराला म्हटलं, लाली जाईल असं काहीतरी द्या. त्याने दिलं. घातलं की थोड्या वेळात डोळे पांढरेशुभ्र! संध्याकाळी पुन्हा लाल, आधीपेक्षा जास्त. मग मी पुन्हा घालते.

या वयात लाली घालवून करायचंय काय, असं विचारशील. मला आता कोण बघायला येणार आहे! पण मी रोज यांना भेटायला त्या स्मृतिभ्रंशाच्या सेंटरमध्ये जाते ना. मला ओळखत नाहीत, माझे लाल डोळे मात्र बरोबर ओळखतात. तुमच्याकडे कोण गेलं, म्हणून विचारतात आणि स्वतःच रडायला लागतात. सोमवारी त्यापायी जेवले नाहीत. तिथल्या मेट्रनबाईंनी मला सुनावलं की रडका चेहरा घेऊन येत जाऊ नका. रडका! यांना तिथे ठेवल्यापासून मी एक टिपूस काढलेलं नाही.

लग्न झाल्यापासून मी ओरडले की हे मला ‘सिस्टर’ म्हणायचे, आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सवरून. हात मागे बांधून, मान खाली घालून उभे राहायचे, नाठाळ पोरासारखे. अजूनही सिस्टरच म्हणतात. पण तिथे नर्सलाही सगळे सिस्टरच म्हणतात. त्यामुळे मला चिडवतायत की थर्मामीटर मागतायत, ते कळत नाही. मी आपली चिडवतायत असं धरून चालते. तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

आणखी एक. मला स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालता येत नाही. बाटली जवळ आली की पापण्या मिटतात आणि थेंब कानात जातो. घरी होते तोवर हेच घालायचे. दुकानात गिऱ्हाइकाच्या घड्याळात तेल सोडायचे तसा, नेमका एकच. वर बघ म्हणायचे आणि मी वर बघेपर्यंत काम झालेलं असायचं.

तर कोणते थेंब घेऊ, ते लगेच कळव. माझ्यावरची माया आणि दुकानातली सवलत, दोन्ही चालू ठेव.

तुझी,
ताई

१३ जानेवारी

ती. सौ. ताईस,
चिमणीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या मसुद्यातल्या चुका काढल्यास आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली नाहीस?

ती बाटली आधी फेक. ते थेंब डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आवळतात. असर उतरला की त्या पुन्हा फुगतात. लाली जाते म्हणून तू घालतेस आणि घालतेस म्हणून ती वाढते. तुझे डोळे कोरडे पडलेत, त्यांना ओलावा हवाय. सोबत पाठवते आहे ते कृत्रिम अश्रू. नावाला हसू नकोस. बाटलीतले थेंब टिकावेत म्हणून त्यात एक रसायन घालतात, ते नाजूक डोळ्यांना झोंबतं. म्हणून रसायन नसलेल्या, एकदा वापरून टाकायच्या नळ्या पाठवल्यात. उरलेलं काटकसरीने कपाटात ठेवू नकोस. घट्ट जेल पाठवलेलं नाही. त्याने थोडा वेळ धूसर दिसतं आणि तू जिने चढतेस. डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा दिसायला कमी झालं तर मला पत्र लिहीत बसू नकोस, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आता खरं सांगते. जुनी बाटली सोडलीस की काही दिवस डोळे जास्तच लाल दिसतील. तेवढे दिवस भावोजींकडे जाऊ नकोस. त्यांनाही त्रास आणि तुलाही. आणि ताई, टिपूस काढलं नाहीस याचं तुला कुणी बक्षीस देणार नाहीये.

मोठी म्हणून ओरडलीस तरी चालेल, पण धाकटीचं एवढं ऐक.

तुझी,
चिमणी

१९ जानेवारी

चि. सौ. चिमणीस,
ताईचे अ. उ. आ.

नळ्या मिळाल्या. बाटली फेकली. डोळे तू म्हणालीस तसेच झालेत. आरशात बघवत नाही.

पण जाऊ नकोस म्हणे! ज्या माणसाला मी रोज नव्याने भेटते, त्याच्याकडे चार दिवस गेले नाही तर त्याला कळणार नाही, असंच तुला म्हणायचं होतं ना? लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं. त्याला कळणार नाही. मला कळेल.

काळा चष्मा लावून गेले. नुसताच गोंधळ झाला. ते उठून उभे राहिले आणि अदबीने म्हणाले की दुकान बंद झालंय, घड्याळ उद्या आणा. सिस्टरसुद्धा म्हणाले नाहीत. मी बाकावर तशीच बसून राहिले आणि मग उद्या आणते म्हणून निघून आले.

थेंबांचं म्हणशील तर निम्म्या नळ्या गालांनीच संपवल्या. उद्या चष्म्याशिवाय जाणार आहे. मेट्रनबाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे.

रागावले आहे, पण तुझ्यावर नाही, हे समजून घे.

तुझी,
ताई

२५ जानेवारी

ती. सौ. ताईस,
चिमणीचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. मी जे लिहिलं नव्हतं ते तू बरोबर वाचलंस. माझं चुकलं.

थेंब घालायला तिथल्या एखाद्या नर्सला सांग, त्यांना सवय असते. आणि गेलीस तेव्हा काय झालं, ते कळव. दुकानात सारखं लक्ष दाराकडे जातं, पोस्टमन आला का म्हणून.

दोन ओळी लिही, मला तेवढ्या पुरतील.

तुझी,
चिमणी

३० जानेवारी

चि. सौ. चिमणीस,
ताईचे अ. उ. आ.

नर्सला सांगावं लागलं नाही.

चष्म्याशिवाय गेले. त्यांनी डोळे पाहिले आणि चेहरा पडला. कोण गेलं, म्हणून विचारायला लागले. मी घाईने सांगितलं की कुणी गेलेलं नाही, डोळे कोरडे पडलेत, हे बघा औषध. पुरावा म्हणून पर्समधून नळी काढली आणि त्यांच्यासमोरच घालायला गेले. थेंब हनुवटीवर आला. दुसरा नाकावर.

हातचं काम कुणी बिघडवत असलं की ते कसे बघायचे, आठवतं ना? तसेच बघत होते. उठले, बेसिनवर हात धुतले, नीट कोरडे केले. माझ्या हातातून नळी घेतली आणि उजेडाकडे धरून पाहिली. एरवी चमचा धरताना थरथरतो तो हात, जरासुद्धा हलत नव्हता. माझी हनुवटी उचलली आणि म्हणाले, वर बघा, सिस्टर.

थेंब नेमका पडला. एकच.

चिमणे, वर बघ नाही. वर बघा. चिडवताना, भांडताना, आजारपणात, कधीही मला त्यांनी अहोजाहो केलं नाही. इतके दिवस मी जे धरून चालले होते ते सगळं त्या एका कान्याने संपलं. ते नर्सशीच बोलत होते.

दुसऱ्या डोळ्यात घालताना म्हणाले की माझी बायकोही अशीच पापण्या मिटते आणि वर मलाच ओरडते. कॉन्व्हेंटमधली आहे, फार कडक. मग नळी बोटांत फिरवत बसले. आता घरी तिच्या डोळ्यांत कोण घालत असेल, म्हणाले. तिला स्वतःला जमत नाही आणि ती कुणाला सांगणार नाही. तुमची ड्यूटी संपली की जमलं तर एकदा तिच्याकडे जाऊन याल का, म्हणून विचारलं.

मी जाईन म्हटलं. नीट घालेन म्हटलं. त्यांना बरं वाटलं, जेवलेही.

आता रोज नळी घेऊन जाते आणि ते घालतात. मी वर बघते. लाली खरंच कमी होतेय, तुझं औषध चांगलं आहे.

फक्त एक विचारायचं राहिलं. थेंब पडल्या पडल्या आपल्याच पाण्याने वाहून गेला, तर लगेच दुसरा घालायचा, की पाणी थांबेपर्यंत वाट बघायची? कारण ते थांबत नाही गं.

दुकानाला सुट्टी टाकून ये.

तुझी,
ताई