सिस्टर कोलंबांना नकार

लिमरिक, १४ नोव्हेंबर

प्रिय आईस,

देवकृपेने आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

दर नाताळात शाळेचं नाटक तुझ्या जावयाच्या, फर्गलच्या, गळ्यात पडतं आणि तुझ्याकडे येणं राहतं. यंदा शिक्षकांच्या शिबिरात त्याला शिकवलं, की ठामपणे तीनदा ‘नाही’ म्हणा. तो म्हणाला. पण आपल्याकडे माणूस चहा हवा असला तरी भिडेपोटी दोनदा नाही म्हणतो. मुख्याध्यापिका सिस्टर कोलंबा हसल्या, “पुरे झाली भीड, मास्तर.”

दुसऱ्या दिवशी, मी सांगितलं तसं तो म्हणाला, “सिस्टर, नाटक मलाच हवं.”

त्या दचकल्या. “एवढी हाव बरी नव्हे,” म्हणाल्या आणि नाटक दुसऱ्याला दिलं.

चोवीस डिसेंबरला येतोच. चहाला तो तीनदा नाही म्हणाला, तर ते शिबिराचं समज आणि ओत.

तुझ्या गुडघ्यासाठी रोज जपमाळ ओढणारी,
डिम्फना