दातांवरची पितळेची तार

बा, तुला लिहायला बसले ती तुझ्या आठवणीनं नाय, दाढेमुळं. दुखून दुखून जीव गेला तेव्हा परवा मुरबाडहून मोटारीनं कल्याणला गेले, दाताच्या डॉक्टरकडं. त्यानं तोंडात बघितलं आन विचारलं, "बाई, पुढच्या दातांवर ह्या घासल्याच्या खुणा कसल्या?" म्हटलं, "माझ्या बापाच्या अकलेच्या." मग सगळं सांगितलं. तो इतका हसला, की हातातला चिमटा खाली ठेवावा लागला त्याला.

तू गुरांचा दलाल. म्हशाच्या जत्रेत बैलाचा ओठ वर करून, दातांवरनं वय मोजून, दोन दाती, चार दाती म्हणून ओरडायचं, शिंगं तासून, तेल चोपडून म्हातारा बैल तरणा म्हणून खपवायचा, ह्यात तुझा जन्म गेला. आन घरात पोर निघाली ही अशी, पुढचे दात ओठात मावत नाय. बघायला आलेली माणसं गूळपाणी घेऊन उठायची ती परत तोंड दाखवायची नाय. मग शहापूरच्या बंगल्यावर तुला जंगलसाहेबाची पोरगी दिसली, दातांवर सोन्याची तार घातलेली. "तारच हाय ना? तार आपल्या सोनाराकडं पण हाय," म्हणालास. एका नजरेत कळलं तुला सगळं. बैलाचं कळतं तसं.

पहिली चांदीची बांधलीस. ती मऊ, दाबू तिकडं वाकायची आन तशीच पडून राहायची; दात जागचा हलंना. मग लोखंडाची. ती वाकतच नव्हती, हिरडी फाडून निघाली. शेवटी सोनारानं ओढून कडक केलेली पितळेची. ती दाबली की परत आपल्या जाग्यावर यायला बघायची, आन येता येता दाताला मागं ओढायची. चालली ती. चालली म्हटल्यावर तुझ्या अंगात आलं. दर बाजाराच्या दिवशी पक्कड घेऊन पीळ मारायचास, जशी काय मी गाडीचं चाक. मी रडले की म्हणायचास, "जास्त पीळ, लवकर काम." आई मला पेज पाजायची आन तुझ्याकडं पाठ करून बसायची. डॉक्टर सांगत होता, उलटं हाय ते. जोरानं ओढला तर दात अडून बसतो. हलकी ओढ लागली की एका अंगाचं हाड विरतं, दुसऱ्या अंगाला नवं भरतं, तसा तो हळूहळू सरकतो. आन सरकल्यावर पण नवं हाड घट्ट होईस्तोवर तार ठेवायची, नायतर दात जुन्या जागी परत येतो.

तू कशाला ठेवशील? मुरबाडकडची माणसं बघायला आली, त्या सकाळीच कापून काढलीस. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं, ओठ नीट मिटले. पसंत. पण त्यांच्यात सुतक पडलं आन लग्न वैशाखावर गेलं. वैशाखापर्यंत दात परत उंबऱ्याबाहेर. मांडवात सासूनं मुंडावळ्या बाजूला केल्या आन म्हणाली, "ही ती पोर नव्हं. दुसरीच उभी केली." ते वऱ्हाड माघारी गेलं असतं तर मला परत कोण विचारणार होतं? आन तू काय केलंस? हात जोडले नायस. माझ्याकडं बघितलं पण नायस. "सौदा झाल्यावर दात बघायचे नसतात, विहीणबाई. जत्रेचा कायदा हाय." चारचौघांत, पोटच्या पोरीवरून.

तेव्हा बाशिंगाच्या आतून नवरा बोलला, "आये, माल परत करायचाच असंल तर ह्या दलालाला परत कर. पोर राहू दे." मांडव हसला, सासू पण पदराआड हसली, आन अक्षता पडल्या. तू तर सगळ्यांत मोठ्यानं हसलास, जसा काय सौदा तूच वाचवलास. त्या माणसानं पुढं माझ्या दातांची मस्करी केली, मी त्याच्या पोटाची केली, आन तो जाईपर्यंत आमचं बरं चाललं.

हे पत्र कुठं जायचं नाय. जित्ता होतास तेव्हा पण तुला एक अक्षर येत नव्हतं, तरी वाचून दाखवणाऱ्याच्या तू चुका काढल्या असत्यास. तार काढल्यावर थोडे दिवस दात सरळ होते ना, तेव्हा मी विहिरीवर सगळ्यांच्या आधी जायचे. कुणी पोहरा टाकून पाणी हलवायच्या आत वाकून तोंड बघायचे, हसून. आवडलं होतं मला ते तोंड. तुला नाय सांगणार.